पाच पत्रं आणि एक खुर्ची

जानेवारी 1961. अमेरिकेच्या हवाई दलात नऊ वर्षं काढून घरी परतलेला जेम्स मेरेडिथ नावाचा सत्तावीस वर्षांचा तरुण मिसिसिपी विद्यापीठाचा प्रवेशअर्ज भरत होता. नाव, जन्मतारीख, आधीचं शिक्षण असे नेहमीचेच रकाने होते. एका अटीपाशी मात्र तो अडला. उमेदवाराची वर्तणूक चांगली असून त्याला प्रवेश द्यावा, असे विद्यापीठाच्या पाच माजी विद्यार्थ्यांचे दाखले अर्जाला जोडायचे होते. मेरेडिथ यांनी 31 जानेवारीच्या पत्रात सरळ कळवलं की मी कृष्णवर्णीय आहे, तुमचे सगळे माजी विद्यार्थी गोरे आहेत आणि त्यांच्यापैकी कुणीही माझ्या ओळखीचं नाही. त्याऐवजी त्यांनी आपल्याला ओळखणाऱ्या कृष्णवर्णीय नागरिकांचे दाखले जोडले. चार दिवसांत विद्यापीठाची तार आली. गर्दी फार झाल्यामुळे 25 जानेवारीनंतर आलेल्या अर्जांचा विचार थांबवला आहे, असं तिच्यात म्हटलं होतं.

पाच दाखल्यांची ती अट पुन्हा वाचावी. तिच्यात रंगाचा उल्लेख कुठेही नाही. गोऱ्या मुलालाही ते पाच कागद आणावेच लागत. पण त्याला ते शोधायला जावं लागत नसे. वडिलांच्या दुकानात, रविवारी चर्चमध्ये, कोर्टाच्या आवारात असे पाच जण त्याला लहानपणापासून नावाने हाक मारत आलेले असत. काळ्या मुलाने मात्र ज्या माणसांच्या घरी पुढच्या दाराने जायचीही सोय नव्हती, त्यांच्याकडून चांगल्या वर्तणुकीचा दाखला आणायचा होता. 1954 च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने शाळांमधला वंशभेद घटनाबाह्य ठरवला आणि त्यानंतर ही अट घालण्यात आली. कायद्याने रंगाचं नाव घ्यायला बंदी केली, तेव्हा ओळखीपाळखीला कायद्याचं रूप देण्यात आलं.

अमेरिकेतल्या विद्यापीठांची दारं कृष्णवर्णीयांना कशी उघडली, याची आपल्या मनातली चित्रं बहुतेक छायाचित्रांतून आलेली आहेत. सर्वांत प्रसिद्ध छायाचित्र 11 जून 1963 चं आहे. अलाबामा विद्यापीठाच्या सभागृहाच्या दारात गव्हर्नर जॉर्ज वॉलेस उभे आहेत आणि समोर केंद्र सरकारचे प्रतिनिधी निकोलस कॅटझेनबाख. व्हिव्हियन मलोन आणि जेम्स हूड या दोन विद्यार्थ्यांना आत जाऊ देणार नाही, असं गव्हर्नर जाहीर करतात. चित्र इतकं ठसठशीत आहे की अन्याय म्हणजे दार अडवून उभा राहिलेला माणूस, अशी आपली समजूत होऊन बसते. पण त्याच दुपारी वॉलेस बाजूला झाले आणि दोघांची नावनोंदणी झाली. दारात उभा राहिलेला गव्हर्नर हा त्या व्यवस्थेचा सर्वांत दुबळा पहारेकरी होता. पिढ्यान्‌पिढ्या तिला सांभाळलं ते कागदाने: अटींनी, मुदतींनी, ‘जागा भरल्या’ असं कळवणाऱ्या तारांनी आणि त्यावर सह्या करणाऱ्या सुशिक्षित, सभ्य माणसांनी. जमाव नेहमी उशिरा आला. कागद हरला तेव्हाच तो आला. या लढ्याकडून काही शिकायचं असेल तर आपली नजर जमावावरून काढून त्या कागदावर आणि कागदानंतर आलेल्या खुर्चीवर ठेवायला हवी, असं माझं म्हणणं आहे.

1896 मध्ये प्लेसी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ‘वेगळं पण समान’ हे सूत्र मान्य केलं होतं. प्राथमिक शाळेच्या बाबतीत निदान काळ्या मुलांची पडकी शाळा दाखवता येत असे. उच्च शिक्षणात तेवढंही नव्हतं. मिसुरीत कृष्णवर्णीयांसाठी कायद्याचं महाविद्यालय नव्हतंच. लॉइड गेन्स या तरुणाने राज्याच्या विद्यापीठात कायदा शिकण्यासाठी अर्ज केला, तेव्हा दुसऱ्या राज्यात जाऊन शिका, फी आम्ही भरतो, असं मिसुरीने सांगितलं. 1938 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते नाकारलं. आपल्या नागरिकाला शिकवायचं काम राज्याने आपल्याच हद्दीत करायला हवं, असा निकाल दिला. मिसुरीने गेन्स यांना आपल्या विद्यापीठात घेण्याऐवजी सेंट लुईस शहरात कृष्णवर्णीयांसाठी वेगळं लॉ स्कूल उघडायची तयारी केली. खटला पुन्हा उभा राहणार होता. पण 19 मार्च 1939 च्या संध्याकाळी, शिकागोतल्या मुक्कामी, टपालतिकिटं आणतो असं सांगून गेन्स बाहेर पडले ते परत आलेच नाहीत. त्यांचं काय झालं हे आजही कुणाला माहीत नाही. मिसुरी विद्यापीठाने त्यांना कायद्याची मानद पदवी दिली ती 2006 मध्ये.

या खटल्यांमागे एनएएसीपी या संघटनेचे वकील होते. आधी चार्ल्स हॅमिल्टन ह्यूस्टन आणि मग त्यांचे शिष्य थर्गुड मार्शल. त्यांनी सुरुवात शाळांपासून न करता लॉ स्कूलपासून केली, यात मोठा विचार होता. मूठभर विद्यार्थ्यांसाठी खरोखर तोडीस तोड वेगळं लॉ स्कूल उभारणं कुठल्याही राज्याला परवडणारं नव्हतं. आणि इतिहास, भूगोल कुठे कसा शिकवतात हे न्यायाधीशांना सांगावं लागलं असतं, पण लॉ स्कूल माणसाला काय देतं हे समजावून सांगायची गरज नव्हती. ते स्वतः तिथूनच आले होते.

हेमन स्वेट हे ह्यूस्टन शहरात घरोघर टपाल वाटणारे पोस्टमन. 1946 मध्ये त्यांनी टेक्सास विद्यापीठाच्या लॉ स्कूलकडे अर्ज केला. राज्याने घाईघाईने ऑस्टिनमध्ये एका इमारतीच्या तळघरात त्यांच्यासाठी वेगळं लॉ स्कूल काढलं. स्वेट तिथे गेले नाहीत. खटला वर जाईपर्यंत राज्याने ह्यूस्टनमध्ये जरा बऱ्यापैकी सोय केली आणि मग हिशेब मांडले गेले. टेक्सास विद्यापीठाकडे 16 पूर्णवेळ प्राध्यापक, 850 विद्यार्थी, ग्रंथालयात 65,000 पुस्तकं. कृष्णवर्णीयांच्या लॉ स्कूलकडे 5 प्राध्यापक, 23 विद्यार्थी, 16,500 पुस्तकं. एवढ्यावरच निकाल दिला असता तर टेक्सासने आणखी पुस्तकं विकत घेऊन वेळ मारून नेली असती. न्यायालय पुढे गेलं. ज्या गोष्टी मोजता येत नाहीत त्यांनीच लॉ स्कूल मोठं होतं, असं त्याने म्हटलं: अध्यापकांचा लौकिक, माजी विद्यार्थ्यांचं वजन, समाजातली प्रतिष्ठा. आणि मग नेमक्या ठिकाणी बोट ठेवलं. टेक्सासच्या लोकसंख्येतल्या ज्या 85 टक्के लोकांना या वेगळ्या शाळेत स्थान नाही, त्यांच्यातूनच उद्या स्वेट यांना भेटणारे बहुतेक वकील, साक्षीदार, ज्युरी आणि न्यायाधीश येणार आहेत. त्यांच्यापासून तोडून वकील कसा घडवणार?

पण त्याच दिवशी, 5 जून 1950 ला, आणखी एक निकाल लागला आणि माझ्या मते या सबंध लढ्याचा गाभा त्या दुसऱ्या निकालात आहे. जॉर्ज मॅक्लॉरिन हे ओक्लाहोमातले उतारवयाकडे झुकलेले शिक्षक. एम.ए. झालेले, शिक्षणशास्त्रात डॉक्टरेट करायची म्हणून ओक्लाहोमा विद्यापीठात आलेले. त्या राज्यात काळ्या-गोऱ्यांचा एकत्र वर्ग चालवणं, त्यात शिकवणं आणि शिकणं, तिन्ही गुन्हे होते. न्यायालयाच्या आदेशामुळे 1948 मध्ये त्यांना प्रवेश द्यावा लागला, तेव्हा विधिमंडळाने कायदा बदलला: प्रवेश द्या, पण वेगळं बसवून.

त्याचं एक छायाचित्र आहे. एका बाजूला वर्ग आहे, गोरे विद्यार्थी ओळीने बसलेले आहेत. दुसऱ्या बाजूला, दाराच्या पलीकडे, लगतच्या छोट्या खोलीत सूट घातलेले मॅक्लॉरिन एकटे एका बाकावर बसलेत. दार उघडं आहे. त्या दारातून त्यांना शिक्षकांचा आवाज ऐकायचाय, फळा दिसला तर बघायचाय. गोंगाट नाही, दगड नाहीत, कुणी शिवी देत नाही. सगळे शांतपणे शिकताहेत. मला वॉलेस यांच्या छायाचित्रापेक्षा हे छायाचित्र फार जास्त छळतं. ग्रंथालयात त्यांचं टेबल माळ्यावर होतं, नेहमीच्या वाचनकक्षात बसायला मनाई होती. भोजनगृहात त्यांचं टेबल ठरलेलं आणि जेवायची वेळही वेगळी. खटला सुरू झाल्यावर व्यवस्था थोडी थोडी सुधारत गेली. वर्गात आत घेतलं, पण त्यांच्या जागेभोवती कठडा आणि ‘कृष्णवर्णीयांसाठी राखीव’ अशी पाटी. मग कठडा आणि पाटीही गेली, पण ओळ ठरलेली राहिली. शेवटी तर राज्याचं म्हणणं असं होतं की भोजनगृहात ते इतरांबरोबर रांगेत उभे राहू शकतात, उभ्या उभ्या गप्पाही मारू शकतात. जेवताना मात्र त्यांनी आपल्या टेबलावर बसायचं.

मराठी वाचकाला हे समजून घ्यायला शब्दकोश लागणार नाही. रांगेत चालतो, पंगतीत चालत नाही. आपल्याकडे याला पंक्तिभेद म्हणतात आणि तो शब्द आपण दुसऱ्या कुणाकडून घेतलेला नाही. साताऱ्याच्या शाळेत भीमराव आंबेडकर नावाच्या मुलाला वर्गाच्या कोपऱ्यात वेगळ्या तरटावर बसावं लागे. शाळेचा झाडूवाला ते तरट शिवत नसे, म्हणून संध्याकाळी ते घरी न्यायचं आणि सकाळी परत आणायचं, ही हकीकत बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवली आहे. पुढे 1913 मध्ये हाच मुलगा न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकायला गेला. 1946 मध्ये बाबासाहेबांनी अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांना पत्र लिहून दोन्ही समाजांच्या स्थितीतलं साम्य बोलून दाखवलं. त्याच वर्षी टेक्सासात स्वेट यांनी अर्ज केला आणि त्याच वर्षी मुंबईत बाबासाहेबांचं सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झालं. वर्ण आणि जात एकच, असं मी म्हणत नाही; दोन्हींचा इतिहास वेगळा आहे. पण दारापलीकडची ती खुर्ची आणि कोपऱ्यातलं ते तरट एकमेकांना ओळखतात.

मॅक्लॉरिन यांच्या खटल्यात ओक्लाहोमाला म्हणता येण्यासारखं बरंच होतं. प्राध्यापक तेच, व्याख्यान तेच, पुस्तकं तीच, परीक्षा तीच, पदवीही तीच. खुर्ची कुठे ठेवली याने काय बिघडलं? सरन्यायाधीश फ्रेड विन्सन यांच्या एकमुखी निकालाने याचं उत्तर दिलं. अशा वागणुकीमुळे त्यांच्या अभ्यासात, इतर विद्यार्थ्यांशी चर्चा करण्यात, विचारांची देवाणघेवाण करण्यात, थोडक्यात आपला व्यवसाय शिकण्यात अडथळा येतो. न्यायालय एक पाऊल पुढेही गेलं. बंदी उठल्यावर इतर विद्यार्थी त्यांच्याशी कदाचित बोलणारही नाहीत, हे त्याने मान्य केलं. पण कुणी आपण होऊन दूर राहणं वेगळं आणि राज्याने जवळ येण्याची वाटच बंद करणं वेगळं.

या वाक्यांचं मोल आपण पुरेसं ओळखलेलं नाही. विद्यापीठ म्हणजे व्याख्यान आणि ग्रंथालय, असं मानणाऱ्याला ओक्लाहोमाची व्यवस्था कायद्याने समान वाटेल. पण ज्ञान कानावर पडून मुरत नाही. शेजारी बसलेला आपलं बोलणं तोडतो, ‘हे कुठं वाचलंस?’ म्हणून विचारतो, चहाच्या टेबलावर वाद अर्धा राहतो आणि रात्री वसतिगृहाच्या खोलीत पुन्हा पेटतो, तेव्हा आपण शिकतो. दाराआडून ऐकणाऱ्याला प्रश्न विचारता येतो, पण मधेच बोलता येत नाही. चूक करून हसं करून घेता येत नाही. त्याचं ऐकून दुसऱ्या कुणाचं मत बदलत नाही. म्हणजे त्याला मिळत नाही, आणि त्याच्याकडून इतरांनाही मिळत नाही. चार वर्षांनी ब्राउन खटल्यात शाळांमधला वंशभेद मोडून काढताना न्यायालयाने या 1950 च्या दोन निकालांचाच आधार घेतला. शाळकरी मुलांना न्याय मिळाला तो एका पोस्टमनने आणि एका वयस्क मास्तरांनी आपल्या अपमानाचा तपशील न्यायालयापुढे मांडला म्हणून.

कागद आणि खुर्ची यांच्यानंतर तिसरं हत्यार आलं ते काळजीचं. ऑथरीन लूसी आणि त्यांच्या मैत्रीण पॉली मायर्स यांनी 1952 मध्ये अलाबामा विद्यापीठात अर्ज केले तेव्हा टपालाने होकार आला. त्या कृष्णवर्णीय आहेत हे कळल्यावर तो मागे घेतला गेला. तीन वर्षं खटला चालला. लूसी यांना प्रवेश मिळाला, मायर्स यांना चारित्र्याचं कारण देऊन नाकारण्यात आला. 3 फेब्रुवारी 1956 ला लूसी ग्रंथालयशास्त्राच्या वर्गात बसल्या. वसतिगृह आणि भोजनगृह त्यांना बंद होतं. सोमवारी, 6 तारखेला, जमावाने त्यांना अंडी मारली, एका इमारतीत त्यांना तासन्‌तास लपून राहावं लागलं. त्या रात्री विश्वस्तांनी त्यांना निलंबित केलं, कारण दिलं त्यांच्या सुरक्षिततेचं. जमावाशी विद्यापीठाचं संगनमत आहे असं त्यांच्या वकिलांनी न्यायालयात म्हटलं. न्यायालयाने त्यांना परत घ्यायला सांगितलं, तेव्हा विद्यापीठाची बदनामी केली या मुद्द्यावर त्यांना कायमचं काढून टाकण्यात आलं. दगड मारणाऱ्यांनी जे साधलं नाही ते एका ठरावाने साधलं. लूसी यांची ती हकालपट्टी रद्द झाली 1988 मध्ये. 1992 मध्ये त्यांनी त्याच विद्यापीठातून एम.ए. केलं, आणि त्यांची मुलगीही त्याच समारंभात पदवीधर झाली.

इथे एक आक्षेप नेहमी येतो आणि तो प्रामाणिक माणसांकडूनही येतो. कायद्याने मनं बदलत नाहीत, समाजाची तयारी व्हावी लागते, घाई केली की रक्तपात होतो. त्यासाठी मिसिसिपी विद्यापीठ जिथे आहे त्या ऑक्सफर्ड गावाचा दाखला देतात. मेरेडिथ यांचा खटला दीड वर्षं चालला. खालच्या न्यायालयाने तर मिसिसिपी विद्यापीठात वंशभेद नाहीच, असं म्हटलं. वरच्या न्यायालयाने प्रवेशाचा आदेश दिला तेव्हा गव्हर्नर रॉस बार्नेट यांनी या एका अर्जापुरते रजिस्ट्रारचे अधिकार स्वतःकडे घेतले आणि मेरेडिथ यांना परत पाठवलं. 30 सप्टेंबर 1962 च्या रात्री विद्यापीठाच्या आवारात दंगल झाली. दोन माणसं गोळी लागून मेली, त्यातला एक फ्रेंच पत्रकार होता. केंद्राचे 160 हून अधिक मार्शल जखमी झाले. हजारो सैनिक उतरवावे लागले, तेव्हा कुठे दुसऱ्या दिवशी सकाळी एका विद्यार्थ्याचं नाव पटावर चढलं.

हे खरं आहे. पण चारच महिन्यांनी, 28 जानेवारी 1963 ला, दक्षिण कॅरोलिनात हार्वी गँट हा तरुण क्लेमसन महाविद्यालयात वास्तुशास्त्र शिकायला आला. कुणी दगड मारला नाही. दक्षिण कॅरोलिनातल्या गोऱ्यांची मनं मिसिसिपीतल्या गोऱ्यांपेक्षा चार महिन्यांत शुद्ध झाली होती, असं कुणी म्हणणार नाही. फरक इतकाच होता की गव्हर्नर अर्नेस्ट हॉलिंग्ज यांनी निरोपाच्या भाषणात विधिमंडळाला सांगितलं होतं की आता आपल्यापुढे न्यायालयं उरलेली नाहीत, कायदा पाळायचा आहे. उद्योजकांनी आणि महाविद्यालयाने गडबड होऊ द्यायची नाही असं आधीच ठरवलं होतं. बार्नेट यांनी आपल्या लोकांना शेवटपर्यंत उलटं सांगितलं. जमाव आपोआप उसळत नाही. वरून मूक परवानगी मिळते तेव्हा तो जमतो, आणि परवानगी नाही हे कळलं की घरी बसतो. म्हणून ‘समाजाची तयारी नाही’ असं सत्तेवरचा माणूस म्हणतो तेव्हा तो समाजाचं वर्णन करत नसतो, समाजाला सूचना देत असतो.

मग मनं बदलायचं काय? ते काम खुर्चीपाशी होतं आणि ते अतिशय संथ असतं, हे कबूल करायलाच हवं. मेरेडिथ भोजनगृहात शिरले की मुलं पाठ फिरवत. वसतिगृहात त्यांच्या डोक्यावरच्या मजल्यावर रात्रभर बास्केटबॉल आपटले जात. बारा वर्षांपूर्वी ओक्लाहोमात राज्याने जे टेबल वेगळं मांडलं होतं, ते इथे विद्यार्थ्यांनी आपण होऊन वेगळं केलं. न्यायालयाने हा फरक आधीच सांगून ठेवला होता. तरीही तो फरक खरा आहे, कारण पाठ फिरवणारा मुलगा उद्या वळू शकतो. कायद्याने लावलेला कठडा वळत नाही.

या सगळ्या ‘पहिल्यांची’ निवड कशी होत असे, हेही पाहायला हवं. वकिलांना निष्कलंक उमेदवार लागे. गुण उत्तम, वागणं शांत, घर सुसंस्कृत, कधी पोलिसांत नाव नाही. जॉर्जिया विद्यापीठात 1961 मध्ये पहिल्यांदा गेलेल्या दोघांपैकी हॅमिल्टन होम्स पुढे एमरी विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयातला पहिला कृष्णवर्णीय विद्यार्थी झाला, शार्लेन हंटर नामांकित पत्रकार झाली. गँट शार्लट शहराचे महापौर झाले. ही यादी वाचताना अभिमान वाटतो, आणि पोटात कालवतंही. कारण त्याच वर्गांमध्ये शेकडो गोरी मुलं जेमतेम गुणांनी, वडिलांच्या पैशावर, काय करायचं ते अजून ठरलं नाही म्हणून दाखल झाली होती. त्यांना असामान्य असायची गरज नव्हती. स्वेट टेक्सासात शिकायला लागले तोवर त्यांची तब्येत आणि संसार दोन्ही खचले होते, 1952 मध्ये पदवी न घेताच ते बाहेर पडले. हूड दोन महिन्यांत अलाबामा सोडून गेले आणि 1997 मध्ये परत येऊन त्यांनी डॉक्टरेट पूर्ण केली. हे त्यांचं अपयश म्हणून सांगितलं जातं तेव्हा मला राग येतो. सर्वसाधारण असण्याचा, अडखळण्याचा, एखाद्या विषयात नापास होऊन पुन्हा बसण्याचा हक्क मिळतो तेव्हाच विद्यापीठ खरोखर सर्वांचं झालं असं म्हणता येतं.

आणि दार उघडलं म्हणून जी घरं आधीच उभी होती ती विसरली जाऊ नयेत. ह्यूस्टन आणि मार्शल यांनी वापरलेलं शस्त्र टेक्सास किंवा हार्वर्डमध्ये नव्हे, कृष्णवर्णीयांच्या हॉवर्ड विद्यापीठाच्या लॉ स्कूलमध्ये घडलं. ज्या विद्यापीठांना राज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या उपाशी ठेवलं, त्यांनीच या लढ्याची माणसं दिली. मिसिसिपीने आपल्या कृष्णवर्णीय विद्यापीठांवर केलेल्या अन्यायाचा खटला 1975 पासून चालला आणि 2002 मध्ये सुमारे 50 कोटी डॉलरांवर मिटला. 2023 मध्ये केंद्राच्या शिक्षण आणि कृषी मंत्र्यांनी 16 राज्यांना पत्रं लिहून कळवलं की तीस वर्षांत त्यांनी अशा विद्यापीठांना 12 अब्ज डॉलरांहून अधिक कमी दिले आहेत.

त्याच 2023 मध्ये, 29 जूनला, हार्वर्ड विद्यापीठाविरुद्धच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने प्रवेश देताना वंश विचारात घ्यायला बंदी केली. बहुमताने निकाल देणाऱ्यांनी ब्राउनचा हवाला दिला, विरोधात लिहिणाऱ्यांनीही ब्राउनचाच. राज्याने रंग पाहू नये, हे तत्त्व म्हणून मलाही पटतं. माझा आक्षेप आहे तो रंगाचा उल्लेख नसला की भेदही नसतो, या समजुतीला. मेरेडिथ यांच्या अर्जातल्या त्या अटीत रंगाचा उल्लेख नव्हता. हार्वर्डच्याच खटल्यात पुढे आलेल्या आकडेवारीनुसार माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना प्रवेश मिळण्याचं प्रमाण इतरांपेक्षा कित्येक पटींनी जास्त होतं, आणि वंशाचा विचार बंद करणाऱ्या निकालाने त्या प्रथेला हात लावला नाही. एमआयटीत आधीच्या काही वर्षांत नव्या विद्यार्थ्यांमध्ये कृष्णवर्णीयांचं प्रमाण सरासरी 13 टक्के होतं, ते 2024 मध्ये 5 टक्क्यांवर आलं. आजचं हार्वर्ड म्हणजे 1961 ची मिसिसिपी नव्हे. पण ज्यांचे आजोबा त्या वर्गात बसू शकले नाहीत त्यांच्याकडे आजही, वेगळ्या शब्दांत, ओळखीचे दाखले मागितले जात आहेत.

शेवटी ज्याचं नाव या सगळ्या चित्रांत कुठेच नसतं त्याच्याबद्दल लिहायलाच हवं. क्लाइड केनार्ड मिसिसिपीतल्या हॅटिसबर्गचे. सात वर्षं सैन्यात होते, कोरियात लढले, मग शिकागो विद्यापीठात शिकत होते. 1955 मध्ये सावत्र वडील आजारी पडले म्हणून शिक्षण सोडून आईची कोंबड्यांची शेती बघायला गावी आले. राहिलेलं शिक्षण घराजवळच्या मिसिसिपी सदर्न कॉलेजमध्ये पूर्ण करावं, एवढीच त्यांची इच्छा. त्यांच्याकडेही माजी विद्यार्थ्यांचे पाच दाखले मागितले गेले. ते पुन्हा पुन्हा अर्ज करत राहिले. सप्टेंबर 1959 मध्ये कॉलेजच्या अध्यक्षांना भेटून परत येताच बेदरकार गाडी चालवल्याबद्दल आणि गाडीत दारू सापडल्याबद्दल त्यांना अटक झाली. पुढच्या वर्षी 25 डॉलरच्या कोंबडीखाद्याच्या पाच पोत्यांच्या चोरीत सामील असल्याचा आरोप आला. गोऱ्या ज्युरीने दहा मिनिटांत दोषी ठरवलं. ज्याने पोती चोरली होती त्याला सोडून देण्यात आलं, केनार्ड यांना पार्चमनच्या तुरुंगात सात वर्षांची शिक्षा झाली. तिथे त्यांना कर्करोग झाला. अगदी शेवटच्या अवस्थेत, जानेवारी 1963 मध्ये, त्यांना बाहेर सोडलं. 4 जुलै 1963 ला ते वारले, तेव्हा त्यांचं वय छत्तीस होतं. सहा आठवड्यांनी, 18 ऑगस्टला, मेरेडिथ यांना मिसिसिपी विद्यापीठाची पदवी मिळाली.

ज्या कॉलेजने केनार्ड यांना घेतलं नाही, ते आता सदर्न मिसिसिपी विद्यापीठ आहे. तिथल्या विद्यार्थी सेवांच्या इमारतीला 1993 मध्ये केनार्ड यांचं नाव देण्यात आलं. कोंबडीखाद्याच्या चोरीची शिक्षा मात्र न्यायालयाच्या दप्तरात तशीच होती. हॅटिसबर्गच्या न्यायाधीशांनी ती रद्द केली मे 2006 मध्ये.